धुऱ्यावरचा लव्हाळा

लव्हाळ्याइतकं निलाजरं गवत मी जन्मात पाहिलं नाही. उपटा, परत येतं. कापा, दुप्पट येतं. जाळा, चार दिवसांनी राखेतून हिरवं टोक काढून उभंच! दिसायला मात्र देखणं. चकचकीत पानांचा झुबका, मधून निघालेली तीनधारी काडी, तिच्या टोकाला तांबूस तुरे. पण खरा लव्हाळा वर नसतोच. वीतभर खाली काळ्या गाठी असतात, एका गाठीतून दोऱ्यासारखं मूळ निघतं, त्याला पुढे दुसरी गाठ, तिला तिसरी. माझी सासू म्हणायची, "वरचं गवत म्हंजे नुसता निरोप हाय. घर खाली हाय त्याचं."

आमचं वावर चांदूर बाजारपासून अर्ध्या तासावर. सासऱ्यांच्या मागे दोघा भावांची वाटणी झाली. विहिरीच्या अंगचं मोठ्या भावाला, म्हणजे माझ्या भासऱ्यांना मिळालं, रस्त्याच्या अंगचं आम्हाला. विहीर आणि अवजारांचा कोठा सामाईक राहिला. मधे धुरा, म्हणजे बांध, पडला आणि त्या धुऱ्यावर लव्हाळा माजला, कारण विहिरीचं पाणी तिथून झिरपतं. वावरातला लव्हाळा निंदणाऱ्या बायका काढतात, धुऱ्यावरच्याला कोणी वाली नसतो. दोन्हीकडचे लोक म्हणतात, तो काढेल. तोवर गाठी दोन्ही वावरांत उतरतात.

आमच्या घरात तसं होऊ दिलं नाही ते सासूनं. आषाढात चार-पाच दिवस आम्ही दोघी जावांनी धुऱ्यावर समोरासमोर बसायचं, मोठीनं तिच्या अंगाला, मी माझ्या. विळा चालवायचा नाही, कुदळीनं भसाभसा खणायचं नाही. खुरप्यानं माती सैल करायची आणि बोटांनी मुळाचा दोरा धरून गाठीमागून गाठ काढायची. एकही गाठ धुऱ्यावर फेकायची नाही, सगळ्या टोपल्यात. दिवसाच्या शेवटी हातांना एक वास यायचा, ओल्या मातीत थोडा कापूर मिसळल्यासारखा. चांगल्या गाठी धुऊन आम्ही स्लॅबवर वाळवायचो आणि दिवाळीच्या उटण्यात कुटून टाकायचो, बाकीच्या चुलीत. सासू गेली तरी आम्ही हे सोडलं नाही. मोठीला मी बाई म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मी बारावी शिकलेली, नाकाच्या शेंड्यावर राग असलेली पोरगी होते, आणि बाईंना अक्षर म्हणून वाचता येत नव्हतं. पण शेतीतलं मला जे काही येतं ते त्या धुऱ्यावर बसून त्यांनी शिकवलेलं आहे.

भासरे वारले ते आजारानं, दोन महिन्यांत. तेराव्या दिवशी बाईंचा मुलगा म्हणाला, "आई, आता तू अकोल्याला चाल." त्याची तिथं नोकरी, बायकोचीही नोकरी, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. पोरगा वाईट नाही. आईनं एकटीनं वावरात मरमर करू नये एवढंच त्याच्या मनात होतं. बाई म्हणाल्या, "मी तिथं करू काय? भिंतींसंग बोलू?" बराच वाद झाला. शेवटी मायलेकांत ठरलं की एक साल बाईंनी स्वतः वावर करून पाहायचं. जमलं तर त्या इथंच राहतील आणि पोरगा परत हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर मुकाट्यानं अकोला. हे ठरलं तेव्हा मी तिथंच पोहे परतत होते. त्या एका सालावर बाईंचं सगळं टांगलेलं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बाईंनी पऱ्हाटी लावली, म्हणजे कपाशी. आणि काय लावली! तास, म्हणजे ओळी, सुतात धरल्यासारखे, बी टोचलेली एक टोबणी रिकामी नाही. सकाळी सहाला वावरात, अंधार पडायच्या आत घरी. गावातली माणसं धुऱ्यावरून जाताना थांबून पाहायची. मी त्या साली मका पेरला होता.

आषाढ आला. मी म्हटलं, "बाई, लव्हाळा कधी काढाचा?" त्या म्हणाल्या, "आठ दिवस थांब वं. माह्यं निंदण होऊ दे." आठ दिवसांनी परत आठ दिवस. मी कुठली थांबते! चांदूर बाजारच्या दुकानातून लव्हाळ्यावरचं तणनाशक आणलं. दुकानदार म्हणाला, मक्याला काही होत नाही, फक्त कपाशीपासून दूर ठेवा आणि फवाऱ्याचा पंप सोड्यानं तीनदा धुवा, एक थेंब राहिला तरी कपाशी वाकडी होते. मला समजत नाही असं नाही. मी ऐकलं, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पडलेला पाहून धुऱ्यावर फवारा मारला.

बाई आल्या आणि पाहतच राहिल्या.

"हे काय केलं तू? मले इचारलं काहून नाही?"

"तुमाले वेळ कुठं हाय?"

"अवं, औषदानं लव्हाळा मरत नाही, फक्त रुसते. गाठी तशाच राह्यतात. अन् माह्यी पऱ्हाटी हातभर अंतरावर हाय, तुले दिसत नाही?"

त्यांचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला मिरच्या झोंबल्या. मी फणफणत घरी आले. पंपाच्या बुडाशी राहिलेलं औषध नालीत ओतलं, एकदा पाणी फिरवलं आणि पंप कोठ्यात ठेवून दिला. सोडा घरात होता, मी पाहिला पण. म्हटलं, उद्या धुऊ. उरलेली बाटलीसुद्धा कोठ्यातल्या फळीवर ठेवली, बाईंच्या औषधाशेजारी. वाळलेला लव्हाळा तीन आठवड्यांत परत हिरवा झाला, ते तर सोडाच.

पाचव्या-सहाव्या दिवशी बाई सकाळीच दारात आल्या. पऱ्हाटीवर तुडतुडे पडले होते, फवाऱ्याला गडी मिळत नव्हता, त्यांचा पंप बिघडला होता. लुगड्यावर भासऱ्यांचा जुना शर्ट चढवून आल्या होत्या, डोक्याला फडकं बांधलेलं. आमचं त्या भांडणापासून बोलणं नव्हतं. तरी आल्या, कारण तुडतुडे थांबत नाहीत.

"तुहा पंप देतं का? धुतला हाय नं?"

मला धुतला नाही हे पक्कं आठवत होतं. पण 'नाही' म्हटलं असतं तर त्या परत बोलल्या असत्या, पाह्य तुह्यं काम कसं असते. ते मला ऐकायचं नव्हतं. बस, एवढंच. दुसरं काहीच कारण नव्हतं.

"धुतला नं, बाई. तुमी बी कायच्या काई इचारता."

त्या पंप पाठीला लावून गेल्या. मी पोळ्या लाटायला बसले. दुपारपर्यंत दोन-तीनदा मनात आलं की जाऊन सांगावं. मग वाटलं, एकदा पाणी तर फिरवलं होतं. आणि इतका वेळ झालाच आहे, अर्ध्याच्या वर फवारून झालं असेल. माणूस स्वतःला कसा समजावतो ते माझ्याकडून शिकावं.

आठवड्यानं पऱ्हाटीचे शेंडे अरुंद झाले. पानं चिरल्यासारखी, भेंडीच्या पानासारखी. मग पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, गळायला लागली. बाईंनी मला हाक मारली आणि मी गेले. त्या तासात उभ्या होत्या, एक शेंडा हातात धरून. "हे काय झालं वं माय? कोणता रोग हाय हा?" मी म्हटलं, "मले नाही समजत बाई." मला समजत होतं. विहिरीकडून त्यांनी फवारा सुरू केला होता, तिथं सगळ्यात जास्त वाकडं, पुढे थोडं कमी, अर्ध्या वावरानंतर पऱ्हाटी चांगली. पंप जसजसा त्यांच्या औषधानं धुतला गेला तसतसं पीक वाचलं होतं. वावरावर सगळं लिहून ठेवल्यासारखं होतं, वाचणारी मी एकटी होते.

गावात शेतीखात्याचे एक साहेब आले होते, त्यांना कोणीतरी वावरात आणलं. त्यांनी दोन झाडं पाहिली आणि म्हणाले, हे तणनाशकानं झालंय. पंप कोणाचा? बाई म्हणाल्या, "माह्या जावेचा हाय. पण तिनं धुतला व्हता, मी इचारलं तिले." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हो, धुतला होता." साहेब म्हणाले, मग बाटलीच चुकली असेल, आणि पुढच्या वावरात गेले.

रविवारी पोरगा अकोल्याहून आला. त्यानं कोठ्यातली फळी पाहिली. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी, दोन्हींचं झाकण हिरवं. बाई बाटल्या झाकणाच्या रंगावरून ओळखायच्या, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तो रागावला नाही, तेच वाईट झालं. तो हळूच म्हणाला, "आई, तुले वाचता येत नाही. पहिले काही पंप भरताना तू ही दुसरी बाटली घेतली असशील. होते असं." बाई म्हणाल्या, "नाही रे बापू, मी पाहून घेतली." मग म्हणाल्या, "मले वाटते पाहून घेतली." मग गप्प झाल्या. ते गप्प होणं माझ्या समोर झालं. चुकीची बाटली असती तर वाकडेपणा एका रेघेवर थांबला असता, असा हळूहळू विरत गेला नसता, हे मी तिथं सांगू शकत होते. नाही सांगितलं. अन् बाटली तिथं ठेवली कोणी हेसुद्धा कोणी विचारलं नाही.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता बोलून पऱ्हाटी सरळ होते का? उलट जन्माचं वैर होईल. चूप राह्य." मला हेच ऐकायचं होतं, म्हणूनच तर त्याला सांगितलं होतं. बाहेरच्या कोणाला विचारलं असतं तर त्यानं तोंडात मारली असती.

अर्धी पऱ्हाटी पुढे सावरली, बोंडं लागली, पण मायलेकांच्या ठरावाचा निकाल त्या रविवारीच लागला होता. शेवटचा वेचा झाला आणि बाईंनी ट्रंक भरली. जायच्या आदल्या दिवशी पोरगा आमच्याकडं आला. "काकू, परक्याले ठोक्यानं देण्यापेक्षा तुमीच करा वावर. घरातल्या घरात राहील." आता खरं तर मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं मान हलवली, आणि मी हो म्हटलं. विहिरीच्या अंगचं ते वावर माझ्या लग्नापासून मला आवडत होतं. काळंशार, चिकण, ढेकळाला हात लावला की हाताला तेल लागल्यासारखं वाटावं असं. तेही खरं लिहिते.

बाई गेल्या आणि पुढच्या आषाढात मी धुऱ्यावर एकटी बसले. पलीकडचा अंगही आता माझाच. अर्ध्या दिवसात कंटाळून उठले आणि दोन मजूर बायका लावल्या. त्यांनी विळ्यानं सरळ कापून काढला. मी पाहिलं आणि मजुरी मोजून दिली.

आमच्या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, मोठ्या घरी बसतात. मोठं घर आता अकोल्याचा फ्लॅट, म्हणून त्या भादव्यात मागे गावातच राहिलेले मुखवटे मांडीवर घेऊन आम्ही दोघं नवरा-बायको बसनं निघालो. परतवाडा, अकोट, मग अकोला. स्टँडवरून ऑटो केला. मला दार उघडून द्यायला बाई आल्या. अंग भरलं होतं, रंग उजळला होता, आणि माणूस कुठं हरवलं होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. सून फुलं आणायला गेली होती, पोरगा आणि माझा नवरा समोरच्या खोलीत मखर बांधत होते. मी सोळा भाज्या निवडायला बसले. बाई आंबिलीला लागल्या. ज्वारीचं पीठ ताकात कालवलं, आणि मग एक डबा उचलून माझ्यासमोर धरला. "हे मीठच हाय नं?" मी म्हटलं, "हो." त्यांनी टाकलं. मग दुसरा डबा धरला. "हे जिरं हाय नं? पाह्य जरा." जिरं! आंधळ्यालाही वासावरून समजतं. ही बाई मुठीत माती धरून ओल सांगायची. मी विचारलं, "बाई, असं काहून इचारून राहिल्या?" त्या सहज म्हणाल्या, "मी नाही टाकत आता न इचारता. सून वाचून देते मंग टाकते. माह्या हातचा भरोसा नाही राह्यला बापा. कोणाच्या पोटात काही गेलं म्हंजे?"

माझ्या हातातली भेंडी खाली पडली. तोंडातून आपोआप निघालं. "बाई, तो पंप मी धुतला नव्हता."

"कोणता पंप?"

"लव्हाळ्यावर मारला तो. तुमी मागाले आल्या तवा मी खोटं बोलली. औषद त्यातच होतं. तुमची बाटली चुकली नाही."

त्या पिठाचे हात तसेच ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, देवाच्या दिवशी घरातून हाकलतील. मला ते पाहिजे होतं. पण त्यांनी विचारलं, "मी नाही चुकली?"

"नाही."

"बाटली बरोबर घेतली व्हती मी?"

"हो बाई. बरोबरच घेतली होती."

"म्हंजे मले जमत व्हतं," बाई म्हणाल्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मला पाहवेना. वर्षभर ही बाई रोज स्वतःला गुन्हेगार म्हणून उठली आणि गुन्हेगार म्हणून झोपली, आणि मी तिकडं तिच्या वावरात डवरे हाणत होते. मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. पदरानं हात पुसले आणि पोराला हाक मारली. "इकडं ये बापू. काकू काय म्हणते पाह्य."

मी त्यालाही सगळं सांगितलं. माझा नवरा दारात उभा राहून माझ्याकडं डोळे वटारत होता. पोरानं हातातली सुतळी गुंडाळली. मग म्हणाला, "आता त्याचं काय काकू. आई इथं सुखात हाय. अन् वावर तर तुमच्यापाशीच हाय." तो परत मखराकडं गेला. त्याच्या शेवटच्या वाक्यात टोमणा होता की नव्हता, मी अजून विचार करते.

बाई खाली माझ्यासमोर बसल्या आणि भाज्यांतलं दोडकं घेऊन सोलायला लागल्या. "औंदा काय पेरलं माह्या वावरात?"

"सोयाबीन. अन् खालच्या अंगाले तूर."

"खालच्या अंगाले?" त्यांचा हात थांबला. "तिथं पाणी तुंबते वं. तूर उभ्यानं वाळते. तुह्या भासऱ्याईनं दोनदा लावली, दोनदा गेली. वाळली असंन."

वाळलीच होती. पंधरा दिवसांपूर्वीच, सगळीच्या सगळी. आणि मी गावात सांगत सुटले होते की मोठीनं या वावराकडं लक्षच दिलं नाही म्हणून जमीन बिघडली.

"वाळली," मी म्हटलं.

"मले एक फोन काहून नाही केला? मी सांगतलं असतं."

त्यांचा आवाज पहिल्यासारखा होता, धुऱ्यावरचा. रागाचा आणि मायेचाही. त्याच सुरात मी त्यांना बोलवायला पाहिजे होतं आणि माझं मन मागं ओढत होतं. मी त्या वावरात नवीन पाईप टाकला होता, खत टाकलं होतं. मला ते वावर परत द्यायचं नव्हतं. तसंच होतं. तरी मी म्हटलं. फार उशिरा, फार हळू, पण म्हटलं.

"बाई, सोयाबीन निघाल्यावर तुमी या. वावर तुमचं तुमी घ्या."

त्यांनी दोडक्याची साल खाली ठेवली. माझ्याकडं पाहिलं, मग समोरच्या खोलीकडं पाहिलं, जिथून पोराचा आणि माझ्या नवऱ्याचा आवाज येत होता.

"पोराले इचारून सांगते," त्या म्हणाल्या.

वावराचं काही कोणाला विचारून करताना मी बाईंना कधी पाहिलं नव्हतं. भासरे असतानाही नाही.

दिवाळी येऊन गेली. त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. सोयाबीन निघालं आणि त्या वावरात मी हरभरा पेरला.